'चौथी शिफ्ट'ची म्हाळसा

म्हाळसा कोकरेला मी पहिल्यांदा पाहिलं ते कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, एका निळ्या प्लास्टिकच्या पिंपासमोर. २०२२ सालचा महिला दिन होता. आमची कंपनी सणसवाडीत गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बनवायची आणि लाईनवर सगळ्या बायकाच. त्या दिवशी प्रत्येकीला एक गुलाब मिळाला, रांगोळीची स्पर्धा झाली, तळेगाव ढमढेऱ्याच्या कॉलेजातल्या नीलम दरेकर मॅडमचं भाषण झालं. भाषण बरं होतं, पण पोटात भूक होती आणि पंखे बंद होते. मग एचआरच्या बाईंनी विचारलं, कुणाला काही कला सादर करायची आहे का?

मी स्टोअरच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर होते. माझं घर दौंडच्या रेल्वे कॉलनीतलं. गिटार मी चर्चमध्ये शिकले आणि शिक्रापूरच्या खोलीवर येताना ती सोबत आणली होती. मी एक गाणं वाजवलं, टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून एक उंच, काळीसावळी मुलगी ऑईलचं रिकामं पिंप लोटत पुढं आली. तिनं ते उलटं केलं, केर काढायच्या झाडूची मागची काठी उचलली, दुसरी काठी चहावाल्या मावशींकडून मागून घेतली आणि वाजवायला लागली.

कॅन्टीनमध्ये दोनशे बायका होत्या. पुढच्या मिनिटाला त्यातल्या निम्म्या उभ्या होत्या.

"हे कुठं शिकलीस गं?" नीलम मॅडमनी नंतर विचारलं.

"आप्पांचं बघून," ती म्हणाली. "आमचा गजीचा ढोल हाय."

म्हाळसाचं गाव वडगाव रासाई, भीमेच्या काठचं. आजोबांपर्यंत त्यांचं घर मेंढरांमागं फिरायचं. वडील मल्हारी आप्पा मात्र गावात स्थिर झाले, थोडी शेती, चार शेळ्या. बिरोबाच्या जत्रेत धनगरांची गजी नाचायला उभी राहिली की ढोल आप्पांच्या गळ्यात असायचा. बाईनं ढोल वाजवायचा नाही असं कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण कुणी वाजवतही नव्हतं. म्हाळसा सात-आठ वर्षांची असताना भाकरीच्या परातीवर आप्पांचे हात जसेच्या तसे काढायला लागली. आई, अनसाबाई, ओरडायची. एक दिवस आप्पांनी तिला गोठ्यामागं नेलं, ढोल पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, "हितं वाजीव. देवळात न्हाई." तेवढी सवलत तिला पुरली. बारावीपर्यंत ती गोठ्यामागं वाजवत राहिली, मग कंपनीच्या बसमध्ये बसली.

बँड काढायची कल्पना नीलमची. ती आमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, पुण्यात एम. ए. केलेली, बागायतदाराची मुलगी. तिचे वडील जयसिंगराव दरेकर सोसायटीचे माजी चेअरमन. कविता लिहायची, आवाज जाड आणि खणखणीत होता आणि राग भरपूर होता. तो राग कुठं ठेवावा हे तिला कळत नव्हतं, असं आता वाटतं. जयसिंगरावांचं एक पोल्ट्रीचं शेड रिकामं पडलं होतं. तिथं आम्ही दर रविवारी जमायला लागलो. म्हाळसासाठी पुण्यातून जुना ड्रमसेट आणला. पहिल्याच दिवशी तिनं पायाचा मोठा ड्रम दाबून बघितला आणि हसली. "ह्यो तर आप्पांचाच. फक्त पायानं वाजवायचा." शेडमधला वास शेवटपर्यंत गेला नाही. गाणं रंगात आलं की सांदीकोपऱ्यातली जुनी पिसं हवेत उडायची आणि नीलमच्या तोंडात जायची.

नाव ठरलं 'चौथी शिफ्ट'. कंपनीत तीन शिफ्टा. बाईची चौथी घरी. नीलमनं त्यावर पहिलं गाणं लिहिलं:

तिन्हींचा भोंगा वाजतो गं, चौथीचा काही वाजत नाही
जाताना पंच, येताना पंच, हिला मशीनच लागत नाही

ढोलाचा ठेका, माझ्या गिटारचा खरखरीत आवाज आणि वर नीलम. आम्हाला वाटायचं, असं काहीतरी आपल्या भागात कधीच झालेलं नाही. बहुतेक झालंही नव्हतं.

वाजवायचं कुठं, हा प्रश्न होता. गणपती मंडळांना आमची गाणी चालणार नव्हती. पण तेव्हा हायवेचं रूप बदलत होतं. कोरेगाव भीमापासून शिक्रापूरपर्यंत कंपन्यांचे इंजिनीअर, बाहेरून आलेली जोडपी, नवे फ्लॅट. ढाब्यांचे गार्डन झाले होते आणि गार्डनांपैकी दोन-तीन स्वतःला पब म्हणवून घ्यायला लागले होते. त्यातला एक रविराजचा. रविराज तिशीतला, मिशीला पीळ, कानात बाळी. त्याच्याकडे शनिवारी संध्याकाळी सात ते नऊ गाणी असायची. बहुतेक वेळा एक मुलगा कीबोर्डवर जुनी हिंदी गाणी म्हणायचा. आमचं ऐकून रविराज म्हणाला, "लेडीज बँड! हायवेला कुणाकडंच न्हाई ताई." त्यानं 'दर शनिवारी लेडीज बँड' असा फ्लेक्स लावला. नीलमनं भांडून तो उतरवला आणि 'चौथी शिफ्ट' असा लावायला लावला. खाली बारीक अक्षरात 'लेडीज' राहिलंच.

पहिल्या शनिवारी पहिल्या दोन टेबलांवरची माणसं 'काहीतरी नाचायचं वाजवा' म्हणून ओरडत होती. एकानं म्हाळसाला बघून शिट्टी मारली. तिनं त्याच्याकडे बघत बघत ठेका असा काही वाढवला की त्या टेबलावरचे ग्लास हलायला लागले. लोक हसले, त्याच्यावर. त्यानंतर शिट्टी आली नाही. दिवाळीपर्यंत फॅमिली सेक्शन भरायला लागला. लाईनवरच्या बायका नवऱ्यांना घेऊन यायच्या, कोल्ड्रिंक घ्यायच्या आणि चौथ्या शिफ्टचं गाणं त्यांच्या तोंडावर म्हणायच्या. एकदा मल्हारी आप्पा आले. टोपी मांडीवर घेऊन मागच्या खुर्चीत बसले, काही खाल्लं नाही. जाताना म्हाळसाला एवढंच म्हणाले, "डावा हात हलका पडतो तुझा." ती आठवडाभर हवेत होती.

ते सहा महिने आमच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. आता पुढचं.

लाईनवर म्हाळसाच्या शेजारी सोनम बसायची. न्हावऱ्याची, बावीस वर्षांची, बाहेरून बी. कॉम. करत होती. बसमध्येही दोघी शेजारी. सोनम अख्ख्या लाईनवर एकटीच डावखुरी होती. त्यांचा एक सुपरवायझर होता. 'तू उलटी वायर बांधतेस, शिकवतो' म्हणून तो तिच्या मागं उभा राहायचा, दोन्ही बाजूंनी हात घालून तिचा उजवा हात धरायचा. रोज. सोनमनं हे फक्त म्हाळसाला सांगितलं होतं. तिनं तिच्यापुरता मार्गही काढला होता: रांजणगावच्या दुसऱ्या कंपनीत अर्ज दिला होता, मेमध्ये परीक्षा उरकली की गुपचूप निघून जायचं. तोवर ती मागं बॅग ठेवून बसायची, म्हणजे त्याला जवळ उभं राहता यायचं नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी, डबे खाताना, म्हाळसानं हे आम्हाला सांगितलं. मन मोकळं करावं म्हणून. नीलमनं हातातला घास खाली ठेवला.

"डावखुरी," ती म्हणाली. "म्हाळसा, अगं हे गाणं आहे."

पुढच्या रविवारी तिनं ते लिहून आणलं. आणि मी खरं सांगते, ते आमचं सगळ्यात चांगलं गाणं होतं. त्याची चाल मला एका बैठकीत सुचली. माझी बोटं आपोआप पडत होती. गाण्यात कुणाचं नाव नव्हतं, कंपनीचंही नव्हतं. पण डावा हात होता, उलटी वायर होती, मागं ठेवलेली बॅग होती.

म्हाळसानं काठ्या मांडीवर ठेवून ऐकलं. "मॅडम, डावखुरी काढा त्यातनं. बॅग पण. कळंल सगळ्यांना."

"ते काढलं तर गाण्यात उरतं काय?"

"मग मी आधी तिला इचारते."

नीलम तिच्या शेजारी येऊन बसली. आवाज अगदी मऊ होता. "विचारलंस तर ती नाहीच म्हणेल. भीतीनं. आणि तो माणूस उद्या दुसरीच्या मागं उभा राहील. कुणीतरी बोलायला पाहिजे ना गं?"

म्हाळसानं माझ्याकडे बघितलं. मी नीलमला अडवायला हवं होतं. पण मला ते गाणं वाजवायचं होतं. मी गिटारच्या तारा जुळवत बसले.

त्या आठवड्यात म्हाळसा रोज बसमध्ये सोनमच्या शेजारी बसली आणि तिनं विचारलं नाही.

महिला दिन बुधवारी होता, पण रविराजनं स्पेशल कार्यक्रम शनिवारी ठेवला. बायकांना एक सरबत फुकट. आजूबाजूच्या कंपन्यांचे ग्रुप आले. आमच्या कंपनीचीही तीन टेबलं. आत खचाखच गर्दी, टीव्हीवरचं क्रिकेट बंद करायला लावलेलं. पाच गाणी झाली. मग नीलमनं माईकवर सांगितलं, "हे नवीन गाणं आपल्यातल्याच एकीसाठी."

आमच्याकडे प्रत्येक गाणं म्हाळसाच्या काठ्यांनी सुरू व्हायचं; काठीवर काठी, चार टोले, आणि मग सगळे. मी मागं वळून बघितलं. तिच्या काठ्या वर होत्या, पण ती वाजवत नव्हती. नीलमही वळली. लोक थांबले होते. कुणीतरी 'होऊ द्या' म्हणालं. किती वेळ गेला सांगता येत नाही, पाच सेकंद असतील. मग म्हाळसानं चार टोले दिले.

त्या संध्याकाळी तिनं जसं वाजवलं तसं पुन्हा कधी वाजवलं नाही. गाणं संपलं तेव्हा बायका रडत होत्या. कितीतरी जणांनी मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं.

सोमवारी लाईनवर पोचायच्या आधीच ते सगळ्यांच्या फोनवर पोचलं होतं. कुणाचं गाणं हे ओळखायला कुणालाच एक मिनिट लागलं नाही. सुपरवायझर त्या दिवसापासून रजेवर गेला आणि नंतर दुसऱ्या प्लांटला गेला, बढतीवर की कसा, माहीत नाही. कंपनीच्या समितीनं सोनमला जबाब द्यायला बोलावलं. तिनं तक्रारच केली नव्हती, ती काय सांगणार? ती खाली मान घालून 'तसं काही नाही' म्हणाली. बुधवारी तिचा भाऊ आणि वडील गेटवर आले आणि शिफ्ट अर्धी असताना तिला घेऊन गेले. व्हिडिओ न्हावऱ्यातही पोचला होता. लोक गाण्याचं कौतुक करत होते आणि तिच्या घरात मात्र एकच प्रश्न होता, आता हिला कोण करणार.

म्हाळसा पुढच्या रविवारी न्हावऱ्याला गेली. मी सोबत गेले होते. सोनमच्या आईनं आम्हाला ओसरीवर बसवलं, चहा दिला. सोनम बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

"तुझ्यासाठीच केलं गं," म्हाळसा म्हणाली. "तसं वाटलं व्हतं."

"मला इचारायचं तर व्हतं."

"तू न्हाई म्हणली असतीस."

"मग न्हाईच व्हतं की माझं," सोनम म्हणाली.

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. आत कुणीतरी हाक मारली, ती गेली. मेच्या पहिल्या आठवड्यात, परीक्षेच्या आधी, तिचं लग्न झालं, तिकडं कुर्डुवाडीच्या बाजूला. लाईनवरच्या कुणालाच बोलावणं नव्हतं.

त्याच दिवसांत पुण्याहून नीलमला फोन आला. कोरेगाव पार्कातला मोठा पब, बायकांच्या बँडचा कार्यक्रम, आणि त्यांना 'डावखुरी' हवंच होतं.

"बाकी सगळी वाजवीन," म्हाळसा म्हणाली. "ते न्हाई."

"त्यांनी बोलावलंय ते त्याच्यासाठीच."

"मग तुमी जावा मॅडम."

नीलमनं समजावलं, चिडली, रडलीसुद्धा. तिला सोनमचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. तिनं सोनमच्या सासरी चार पानी पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं नाही. पण गाणं चूक होतं हे तिला कबूल करता येत नव्हतं, कारण गाण्यातलं सगळं खरं होतं. म्हाळसानं काठ्या तिथंच ड्रमवर ठेवल्या आणि शेडमधून बाहेर पडली. मी तिच्या मागं दारापर्यंत गेले. पुढं गेले नाही.

पुण्याला आम्ही दोघी गेलो. ड्रमवर तिथलाच एक मुलगा बसवला, भाड्यानं. बायकांचा बँड आणि ठेका धरायला पुरुष. हे कुणाला खटकलं नाही, मलाही दोन दिवसांनी खटकलं. आम्हाला वाटलं होतं तिच्याशिवाय फजिती होईल. झाली नाही. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. नंतर अजून दोन कार्यक्रम झाले. मग नीलम पीएच. डी.साठी पुण्याला राहायला गेली, मी दौंडला परत आले, रविराजनं स्टेजच्या जागी मोठा पडदा लावला आणि मॅच दाखवायला लागला. हायवेवरून जाताना आता तिथं कधी गाणी होत होती हे कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. 'चौथी शिफ्ट'ची सगळी गोष्ट दीड वर्षाची.

म्हाळसानं कंपनी सोडली. रांजणगावात, सोनमनं जिथं अर्ज दिला होता तिथंच, तिला काम मिळालं. आज ती लाईन लीडर आहे. वडगावहून पहाटे बस पकडते. लग्नाचं आलं की विषय बदलते. अनसाबाई गेल्या, आप्पांचा उजवा हात मागच्या वर्षी अर्धांगाच्या झटक्यानं गेला. ढोल घरातच आहे. मी भेटायला गेले होते तेव्हा आप्पा खाटेवरून तिला म्हणत होते, "आता देवळात पण वाजीव. मी सांगतो त्यास्नी." ती हसली, त्यांची उशी नीट केली आणि चहा ठेवायला गेली. तिचा हात हलका की जड, हे बघायला मला मिळालं नाही.

त्या दिवशी मी तिची माफी मागितली. दारापर्यंत येऊन थांबल्याची, पुण्याला गेल्याची. ती चुलीपुढं बसून ऐकत होती.

"मोना, तुमी दोघींनी गाणं केलं," ती म्हणाली. "पण चार टोलं मी दिलं. काठ्या माझ्या हातात व्हत्या. मी न्हाई दिलं असतं तर मॅडमनं काय केलं असतं? खाली उतरल्या असत्या."

"सगळे बघत होते गं."

"व्हय. म्हणून तर दिलं. लोक थांबल्याती, एवढंच व्हतं डोक्यात."

मग तिनं एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. सोनमच्या लॉकरमध्ये तिची शेवटच्या वर्षाची पुस्तकं राहिली होती. म्हाळसानं ती बांधून, न्हावऱ्यातून पत्ता काढून, सासरी पाठवली. सोबत चिठ्ठी लिहिली नाही. काय लिहावं सुचलं नाही. पोचली की नाही, तेही कळलं नाही.

यंदा एप्रिलमध्ये मी दौंड स्टेशनवर आईला सोडायला गेले होते. मी आता इथल्याच शाळेत मुलांना संगीत शिकवते. चार नंबरवर बाकड्यावर सोनम बसली होती. मांडीवर मुलगी, पायाशी पिशव्या. माहेरी चालली होती, भाऊ न्यायला येणार होता. तिनं मला लगेच ओळखलं आणि नमस्कार केला, कंपनीत ऑफिसच्या बाईला करायची तसा. मी मुलीचं नाव विचारलं. मग म्हटलं, "म्हाळसानं पुस्तकं पाठवली होती तुला."

"आलती की," ती म्हणाली. "चांगली बांधून आलती. पण आमच्याकडं दोनच खोल्या. सासऱ्यांनी रद्दीत घातली." मग म्हणाली, "तिला नका सांगू."

तेवढ्यात भाऊ आला. त्यानं पिशव्या उचलल्या. सोनमनं मुलीला डाव्या कडेवर घेतलं आणि दोघं पुलाच्या जिन्याकडे गेली.

मी म्हाळसाला फोन केला. सोनम भेटली, तब्येत बरी आहे, मुलगी गोड आहे, पुस्तकं मिळाली होती, असं सांगितलं.

"मिळाली?" ती म्हणाली. पलीकडे मशीनचा आवाज येत होता. "मग बरं झालं."

आणखी काहीतरी विचारावं असं तिच्या मनात असावं. तिनं फोन ठेवला नाही. मग कुणीतरी तिला हाक मारली, लाईन थांबली होती, आणि ती म्हणाली, रविवारी बोलू.